अव्वाची मुदत

अव्वा आली तेव्हा मला आठवा लागून थोडे दिवस झाले होते. बैलगाडीतून उतरली ती डोक्यावर जोंधळ्याच्या पिठाचं गाठोडं, काखेत तांब्याची घागर आणि हातात तवा घेऊन. माझे सासरे दारातच उभे होते. त्यांनी गाठोड्याकडं पाहिलं, हात जोडले आणि अंगणातल्या लिंबाखाली तीन दगड मांडून दिले. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी आमच्यातली रीत. रीत बऱ्याच घरांत होती, पण बाकीच्या आया सकाळी यायच्या, फडक्यात बांधून आणलेली भाकरी खायच्या आणि दिवस मावळायच्या आत परत जायच्या. माझ्या अव्वाला मी बाळंत होईपर्यंत राहायचं होतं.

सरकारनं तिला एक महिन्याची मुदत दिली होती.

आमचं जळकोट मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. माझं माहेर सोलापूरच्या अंगाला, हद्दीच्या पलीकडं. माझं लग्न झालं तेव्हा ही हद्द नुसती बोलण्यात होती. नाक्यावरचा शिपाई गाठोडं चाचपायचा, सुपारी मागायचा आणि सोडून द्यायचा. पण राज्याच्या त्या शेवटच्या वर्षी सगळंच बदललं. नाक्यावर बंदुका आल्या आणि पलीकडच्या माणसाला इकडं राहायचं तर परवाना लागू लागला. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण मी पलीकडं गेले तर मूल घेऊन परत येता येईल की नाही, हे कुणी सांगेना. म्हणून मग अव्वाच आली.

तिच्या येण्यामागं आणखी एक कारण होतं, आणि ते घरात कुणी बोलत नव्हतं. माझी थोरली बहीण दोन वर्षांमागं पहिल्याच बाळंतपणात गेली. दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या, माहेरी आणायला वेळच मिळाला नाही. अव्वा तिच्या गावी पोचली तेव्हा अंगणात माणसं गप्प बसलेली होती. मला सासू नाही, ती माझ्या लग्नाआधीच वारलेली. माझे मालक उमरग्याला अडतीच्या दुकानात, बाजार उरकला की एखादी रात्र घरी येणार. म्हणजे कळा सुरू झाल्या तर माझ्याजवळ अव्वा असणार किंवा कुणीच असणार नाही. मला मरणाची भीती वाटत होती, हे आज सरळ सांगते. तेव्हा मात्र भीती वाटली की मी भांडायची.

ते दिवस मला आठवतात ते झोपेतून पाहिल्यासारखे. दुपारी ओसरीवर वाकळ टाकून मी पडायची. डोळा लागला की नाही, माझं मलाच कळायचं नाही. लिंबाची सावली अंगावर यायची, सरकून जायची. लांब सडकेवर एखादी लॉरी घरघरत जायची आणि तो आवाज बराच वेळ कानात राहायचा. अधूनमधून पापण्या उघडल्या की धुराच्या पलीकडं अव्वा भाकरी थापताना दिसायची. तिच्या हाताचा थप थप आवाज आणि माझ्या पोटातली हालचाल कधीकधी एकाच तालात चालायची. अव्वानं चुलीभोवती रोज रांगोळीची एक रेघ काढावी आणि मी कधीच तिच्या आत जाऊ नये. स्वप्नात ती रेघ लांबत जायची, वेशीबाहेर, माळावरून, थेट नाक्यापर्यंत. मी रेघेच्या एका बाजूला आणि अव्वा दुसऱ्या बाजूला. जाग आली की ती तिथंच असायची, तव्यावरची भाकरी उलटत.

बाळ काही मुदत पाहून येणार नव्हतं. महिना संपत आला तसा मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, तालुक्याच्या कचेरीत मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज दिला. मामंजींचं गावात किराण्याचं लहान दुकान. बोलणं मोजकं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि खोटं बोलायचं नाही हा एकच हट्ट. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेला जुम्मा निघाला, शुक्रवारची सुट्टी, कचेरी बंद. मग मोहर लावणारा कारकून सासुरवाडीला गेलेला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणून लोक हसायचे. माझं पोट पाहून मात्र हसायचं थांबायचे.

मामंजी परत आले की पायरीवर बसून पागोटं मांडीवर ठेवायचे. अव्वा लिंबाखालून बघायची, विचारायची नाही. विचारायची मी.

"काय म्हणले?"

"आज-उद्या करतो म्हणले."

"त्येंच्या बायका बाळंत व्हत न्हाईत का?"

"सुम्म बस," अव्वा तिकडून म्हणायची. गप्प बस म्हणायचं असलं की तिच्या तोंडी कानडीच यायची.

गाठोडं एवढंएवढं होत चाललं होतं. अव्वाच्या भाकरी आधी पातळ झाल्या, मग लहान झाल्या. मी म्हणायची, आपल्या दुकानात पोतंभर जोंधळा आहे. ती म्हणायची, तो तुझा हाय. पाणीसुद्धा ती आमच्या रांजणातलं घेत नसे. गावाच्या विहिरीवर आपली घागर घेऊन जायची, स्वतः शेंदायची. एवढ्या उन्हात, त्या वयात. ती येताना दिसली की मला रडू यायचं आणि मी रागानं तोंड फिरवायची. सरकारपेक्षा माझ्या आईची हद्द कडक होती. सरकार निदान अर्ज तरी घेत होतं.

मग एके दिवशी मामंजी कचेरीतून आले ते वेगळेच दिसले. चेहऱ्यावर अभिमान होता, आणि त्याखाली काहीतरी चुकल्याची शंका.

कचेरीतल्या मुन्शीनं अर्ज हातात घेऊन म्हणे विचारलं होतं, ही बाई तुमची मेहमान आहे ना? खाणंपिणं तुमच्याच घरी? मेहमान असेल तर लगेच मुदत वाढवून देतो, तसा कायदाच आहे. आणि आमच्या मामंजींनी छाती पुढं काढून सांगितलं, "न्हाय साहेब. दीड महिना झाला, आमच्या घरचं पाणीबी प्यालेल्या न्हाईत."

त्यांना वाटलं, मुन्शी म्हणेल, वा, काय घराणं! अशी रीत पाळणारी विहीण म्हणजे आमच्या घराची अब्रू. मुन्शी शहरातला. त्यानं लेखणी खाली ठेवली. जी बाई तुमच्या घरी खात नाही, पीत नाही, ती तुमची पाहुणी कशी? आणि पाहुणी नाही तर या दिवसांत हद्द ओलांडून इथं कशाला बसली आहे? तहकीकात, म्हणजे चौकशी, करावी लागेल, तो म्हणाला.

"आता तहकीकात सुरू झाली की कागद जागचा हालत न्हाय," मामंजी पागोट्याशी बोलल्यासारखे म्हणाले.

"खोटं बोलायला काय झालं व्हतं तुमास्नी?" मी सासऱ्यांना असं कधी बोलले नव्हते.

"खऱ्याला मरण न्हाय, पोरी."

खऱ्याला मरण नसेल, पण त्याला परवानाही मिळत नाही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते इतके थकलेले दिसत होते की मी गिळलं. मुदत तर त्याच्या आधीच उलटून गेली होती. आता कोणत्याही दिवशी नाक्यावरून माणूस येणार आणि अव्वाला गाडीत बसवून पलीकडं सोडणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

माणूस आला, पण नाक्यावरून नाही. तहकीकात करायला कचेरीतून एक वयस्कर जमादार सायकलवर आला. दाढी पांढरी, खाकी पँटीला क्लिपा लावलेल्या, घामानं डबडबलेला. त्यानं सायकल लिंबाला टेकवली आणि सगळं पाहिलं. तीन दगडांची चूल, घागर, जवळजवळ रिकामं गाठोडं. मग ओसरीवर मला पाहिलं आणि नजर खाली घातली.

"अम्मा," तो अव्वाला म्हणाला, "इस घर का एक घूंट पानी पी लेव. मैं देखतूं, और लिख देतूं, मेहमान है बोलके. बात खतम."

मामंजी स्वतः आत गेले आणि रांजणातून तांब्या भरून आणला. अव्वाच्या पुढं ठेवला. तांब्या उन्हात चमकत होता. मला वाटलं, संपलं. एक घोट, आणि ती माझ्याजवळ राहणार.

अव्वानं हात पुढं केला नाही.

"पी की गं," मी ओसरीवरून ओरडले. "एक घोटच हाय. मी मरून गेले तर कुणाची रीत पाळशील?"

ती माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाजही चढला नव्हता.

"थोरलीला सातवा व्हता तवा गेल्ते तिच्याकडं. लई ऊन व्हतं. तिनं तांब्या पुढं केला, म्या प्याले." मग तांब्याकडं बघून म्हणाली, "एकदा प्याले."

मला कळलं, आणि भयंकर राग आला. देवाचा आला, रितीचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या जुन्या तांब्याचा आला. पाण्यानं कुणी मरत नाही, हे तिला सांगायला माझ्याजवळ शब्द होते, पण तिच्याजवळ ते ऐकायला जागा नव्हती. दोन वर्षं ती हे एकटी उरात घेऊन हिंडत होती.

जमादारानं टोपी काढून कपाळ पुसलं. मग तो चुलीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "तो फिर मेरेकू पिलाव अम्मा. प्यास लगी."

अव्वानं तिच्या घागरीतून त्याच्या ओंजळीत वरून धार धरली. तो बराच वेळ पीत राहिला. उठला, दाढी पुसली आणि मामंजींना म्हणाला, "पानी तो मैं पिया. अब मेहमान कौन, इसकी तहकीकात लंबी है. जब तक चालू है, कागज भी नै हिलता, इन्सान भी नै हिलता." मग सायकलवर टांग टाकून माझ्याकडं न बघताच म्हणाला, "बेटी, आराम से."

गेला तो गेलाच. नाक्यावरून कुणी आलं की मामंजी दारातूनच सांगायचे, तहकीकात चालू आहे, आणि आलेला माणूस मान हलवून परत जायचा. ज्या दिरंगाईला मी इतके दिवस शिव्या घातल्या, तिच्याच पांघरुणाखाली आम्ही आता झोपत होतो. ती तहकीकात पुढं संपली की नाही, मला ठाऊक नाही. पाऊसकाळ सरता सरता ते राज्यच गेलं, नाके उठले, हद्दीवर शेळ्या चरू लागल्या. कुठल्यातरी कपाटात तो कागद अजून पडलेला असेल, आणि त्यात माझी अव्वा अजून कुणाचीच पाहुणी नसेल.

माझ्या कळा सुरू झाल्या त्या सकाळी, भाकरीच्या वेळेला. अव्वानं चूल विझवली आणि पहिल्यांदा आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत येऊन बसली. गावातली सुईण आली. मग दिवस कसा गेला ते मला आठवत नाही. आठवतो तो अव्वाचा तळवा, पिठानं खरखरीत झालेला, माझ्या कपाळावर. मी कुठंतरी पाण्यातून चालले होते आणि तो तळवा मला सोडत नव्हता. मधेच मला थोरली दिसली, परकरात, आमच्या माहेरच्या विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेली. तिनं सरकून मला वाट दिली.

उन्हं उतरली तेव्हा मुलगी रडली.

सुईणीनं तिला पुसलं, गुंडाळलं. अव्वानं आधी माझ्याकडं पाहिलं, नाकाशी बोट धरून माझा श्वास पाहिला, मी डोळे उघडून बघत असतानाही. मग मुलीकडं पाहिलं. मग भिंतीला टेकून बसली.

"मामंजी," मी आतून हाक मारली. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "पाणी आणा. अव्वाला."

जमादारासमोरचा तो तांब्या सोडला तर मामंजींनी जन्मात कुणा बाईला पाणी दिलं नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं यायचं नाही, म्हणून ते उंबऱ्यापाशी थांबले, तोंड फिरवलं आणि तांब्या आत सरकवला. अव्वानं तो दोन्ही हातांनी उचलला. थोडा वेळ नुसताच धरून बसली, माझ्याकडं बघत. मी मान हलवली. मग ती प्याली. घोट घोट नाही, सगळा तांब्या एका दमात, गळ्यावरून पाणी ओघळून चोळी भिजेपर्यंत. खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं, आणि दाराकडं बघून म्हणाली, "आणखी द्या."

दाराबाहेर मामंजी मोठ्यानं रडत होते.