उजवीकडं, पांढरा, तीनदा

माझ्या धाकट्या भावाला लिहिण्याचा कंटाळा होता. शाळेत निबंधाच्या तासाला तो पोट दुखत असल्याचं सोंग करायचा. पुढे नांदेडला त्यानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा गिऱ्हाइकाच्या फोनला लावायच्या चिठ्ठीवरसुद्धा तो ‘काच’ किंवा ‘चार्जिंग’ एवढंच लिहायचा. मी लातूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकं माझी आणि स्क्रू-ड्रायव्हर त्याचा, अशी वाटणी आम्ही लहानपणीच करून टाकली होती.

त्यानं आयुष्यात एकच मोठं लिखाण केलं. ते एका ऑनलाइन खेळातल्या दिव्यांविषयी होतं.

खेळ मोबाइलवरचा. तिघातिघांचे संघ एका ओसाड गावात उतरतात, घरं धुंडाळतात, हत्यारं गोळा करतात आणि एकमेकांना गाठतात. कानाला हेडफोन लावून खेळता खेळता बोलता येतं. भावाच्या संघात हिमायतनगरजवळचा एक शेतकरी होता आणि बिलोलीची एक तरुणी होती, घरी बसून ब्लाउज शिवणारी. तिघांची ओळख खेळातच झालेली. शेतकरी बांधावर बसून खेळायचा, त्यामुळे त्याच्या बोलण्यात नेहमी वारा आणि मधूनच एखादी म्हैस असायची.

एका दुपारी खेळ ऐन रंगात असताना ती तरुणी एका दारात उभी राहिली ती उभीच राहिली. शेतकरी ओरडला, “ओ मॅडम, झोपल्या काय?” उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी तिनं तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की तिला फिट आली होती. लहानपणापासूनच भराभर उघडझाप करणारा उजेड तिला चालत नाही. लग्नातले डीजेचे दिवे, फडफडणारी ट्यूब, असलं काहीही. औषध सुरू आहे, पण खेळातला बॉम्ब फुटला की पडदा पांढरा लखलखतो. ‘मी पळून गेले असं वाटू नये म्हणून सांगितलं. आता येणार नाही,’ एवढं लिहून तिनं माफी मागितली होती.

भावानं मला फोन केला. “अक्का, ती माफी कशाची मागून राहिली?” तो म्हणाला. तो चिडलेला होता, पण कोणावर ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

आधी त्यानं खेळाच्या सेटिंगमध्ये शोधलं. लखलखाट कमी करायचं एक बटण तिथं होतं. ते दाबलं की बॉम्बचा उजेड मऊ व्हायचा, पण बाकीचं तसंच राहायचं. तुटलेल्या तारांच्या ठिणग्या, जखम झाल्यावर लाल होणारा पडदा, बक्षिसाची पेटी उघडताना उडणारी रोषणाई. त्यानं खेळाच्या कंपनीला कळवलं. सूचनेबद्दल आभार, असं उत्तर आलं. मग तो स्वतःच कामाला लागला. दुपारी दुकानात गर्दी नसायची, तेव्हा तो एकटाच त्या ओसाड गावात शिरायचा आणि खोलीखोलीतून हिंडायचा. दुसऱ्या एका फोनवर तो पडद्याचं चित्रीकरण करायचा, ते अगदी हळू चालवायचा आणि दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजायचा. सेकंदाला तीन किंवा त्याहून जास्त म्हणजे धोका, हे त्यानं कुठून तरी वाचून काढलं होतं. आठवीनंतर मी त्याला आपणहून काही वाचताना पाहिलं नव्हतं.

अशा जागांची त्यानं यादी केली. ती ग्रुपमध्ये सगळ्यांत वर लावलेली असायची. त्यातल्या काही ओळी अशा:

‘पाण्याची टाकी. जिना चढला की उजवीकडं. पांढरा. तीनदा.’

‘गोदाम. दार मी उघडतो. तू मागं.’

‘बक्षीस मिळालं की फोन पालथा घाल. दहापर्यंत मोज.’

मग तो बिलोलीला गेला. तिचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करतात. ते म्हणाले, “आपण कोण? आणि माझ्या लेकीच्या डोळ्यांची फिकीर तुम्हाला कशासाठी?” भाऊ म्हणाला, “चाचा, तिच्याबिगर आम्ही रोज हरून राहिलो.” म्हातारबुवा हसले. चष्मा लावून त्यांनी सगळी यादी वाचली आणि लेकीला डॉक्टरांनी काय सांगितलंय ते त्याला समजावलं. खोलीत उजेड हवा, थकलेलं असताना बसायचं नाही, आणि लखलखाट झालाच तर नुसते डोळे मिटून भागत नाही, तळहातानं एक डोळा पुरता झाकायचा आणि मान वळवायची. शेवटी ते म्हणाले, “जितकं लिहिलंय तितकंच खेळायचं. न लिहिलेल्या जागी पाय ठेवायचा नाही.” त्या अटीवर ती परत आली. पुढची दोन वर्षं खेळात काहीही नवीन आलं की भाऊ आधी एकटा जाऊन यायचा, यादी वाढवायचा, आणि मगच तिघं उतरायची.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं तो गेला. चार दिवसांत.

दिवाळीनंतर शेतकऱ्याचा मला फोन आला. मी त्याला ओळखत नव्हते, पण वाऱ्याचा आवाज ऐकला आणि ओळखलं. “ताई, खेळात नवीन गाव आलंय,” तो म्हणाला. “जुनं बंदच केलं त्यांनी. आता यादी न्हाई म्हणल्यावर तिचे अब्बा तिला खेळू देणार न्हाईत. मी दोनदा लिहायला बसलो, पण माझं ध्यान राहात न्हाई, मी गोळ्या मारत सुटतो. ती काही बोलणार न्हाई. म्हणून मी बोलून राहिलो.”

मी विचारलं, “तिला एवढं वाटतं का त्या खेळाचं?”

“ताई, ती घरातून कुठं जाते? मशीन ते चूल. तिथं ती आमची कप्तान हाय.”

यादी करायला मी हो म्हटलं. धाडसापेक्षा त्यात दुःखाचा वाटा जास्त होता. भावानं जे केलं ते आपण करू शकतो, असं मला दाखवायचं होतं. कोणाला, ते माहीत नाही.

रविवारी दुपारी जेवण उरकून मी बसायची. खेळात मला धड चालता येत नव्हतं. भिंतीला नाक लावून मी उभी असायची आणि शेतकरी म्हणायचा, “ताई, मागं वळा. अजून. अहो, ती भिंत हाय, कपाट न्हाई.” परक्या संघातली पोरं बोलताना ऐकू यायची. “ही काकू फिरायला आलीय का?” “अरे, मारू नका रे, बघत बघत चाललीय ती.” आणि मग मारायचीच. खेळात मेलेलं माणूस दुसऱ्या डावात ताजंतवानं उभं राहतं, याचा सुरुवातीला मला राग यायचा. चार-पाच रविवारांनी तो राग कमी झाला आणि मी मोजायला लागले.

दुसऱ्या फोनचं ते हळू चित्रीकरण मी स्वतः करून पाहिलं, तेव्हा भावाच्या कामाचा आवाका मला कळला. एका खोलीला पाऊण तास लागत होता. त्यानं अख्खी गावं केली होती, तीही गिऱ्हाइकं सांभाळून, आणि मला एका शब्दानंही कधी मोठेपणा सांगितला नव्हता.

जानेवारीत माझी यादी तयार झाली. मी ती दोनदा नीट उतरवून काढली. वीजघराविषयी लिहिलं होतं, ‘पश्चिमेकडच्या कमानीतून आत शिरताच डाव्या बाजूच्या फुटक्या पेटीतून निळसर ठिणग्या उसळतात, जणू कोणी मूठभर काजवे उधळावेत, त्यांचा वेग बहुधा फारसा धोकादायक नसावा.’ मला ते आवडलं होतं. मी ते पाठवलं आणि उत्तराची वाट पाहत बसले.

दोन दिवसांनी बिलोलीहून आवाजी निरोप आला. ती आधी माझी तब्येत विचारत होती, मग लातूरच्या थंडीविषयी बोलली. मग म्हणाली, “आपा, तुम्ही लई खूबसूरत लिहिलंय. अम्मीला पण वाचून दाखवलं. पण ते वाचेपर्यंत मला कोणी तरी मारून जातंय.” पाठीमागून वडिलांचा आवाज आला, “वो ‘बहुधा’ का पूछ.” ती थोडी अडखळली. “अब्बा म्हणतात, ‘बहुधा’ म्हणजे तुम्ही पाहिलं का नाही? भाईजान असं लिहीत नव्हते. त्यांनी पाहिलं नसलं तर ते लिहायचे, पाहिलं नाही, जाऊ नको.”

मी तो निरोप तीनदा ऐकला. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. मग मी भावाची जुनी यादी पुन्हा उघडली, आणि या वेळी एखादं पुस्तक वाचावं तशी वाचली. त्यात एकही विशेषण उगाच आलेलं नव्हतं. रंग होता, कारण लाल जास्त घातक असतो. दिशा होती, कारण मान उलट बाजूला वळवायची असते. आकडा होता. आणि अधूनमधून, अजिबात न लाजता, ‘पाहिलं नाही’. एकेका ओळीपुढे ती तरुणी बसलेली होती, हातात फोन धरलेली आणि दोन क्षणांत ठरवायची वेळ आलेली. लिहिताना त्याला ती दिसत होती. मी लिहिताना मला मीच दिसत होते. ग्रंथालयात इतकी वर्षं काढून मी ज्याला लिहिता येत नाही असं समजत होते, त्याला नेमकं हेच येत होतं.

मी सगळं गाव पुन्हा फिरले. त्यात आणखी महिना गेला. जिथं ‘बहुधा’ होतं तिथं परत उभी राहिले, मोजलं, आणि शब्द खोडत गेले. वीजघराची ओळ उरली ती अशी: ‘वीजघर. डावी पेटी. निळा. सेकंदाला पाच. मान उजवीकडं.’ काजवे गेले. तळघरात जायचं दार मात्र मला एकदाही उघडता आलं नाही. तिथं पोहोचायच्या आधीच कोणी ना कोणी मला टिपायचं. मी लिहिलं, ‘तळघर. पाहिलं नाही. जाऊ नको.’

वडिलांनी यादी वाचली आणि एवढंच कळवलं, “मॅडम, इतवारी चार वाजता.”

त्या रविवारी आम्ही तिघं उतरलो. ती खिडकीत बसली होती, वडील शेजारी मशीनचा एक भाग पुसत बसले होते, हे तिनंच सांगितलं. खेळायला लागल्यावर तिचा आवाज बदलला. “आपा, छतावर. दादा, तुम्ही रस्ता धरा, आणि म्हैस गप करा.” इतके महिने मी जिच्यासाठी जपून पावलं टाकत होते, ती मला भराभर हुकूम सोडत होती. प्रत्येक धोक्याच्या जागेआधी मी भावासारखं दोन-तीन शब्दांत सांगत होते आणि ती “हौ” म्हणत होती. एकदा ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मी तिला हाक मारली. मग “झाकलाय, झाकलाय” असा आवाज आला.

शेवटी दोनच संघ उरले. समोरचे तिघे तळघरात लपले होते.

शेतकरी म्हणाला, “चला, घुसू.”

“मी नाही,” ती म्हणाली. “लिहिलेलं नाही.”

“अहो, जिंकायला आलोय आपण!”

“दादा, नक्को म्हटलं ना.”

मी म्हटलं, “मी आत जाते. तू पाठ फिरव.” आणि गेले. दार उघडताच आतून बॉम्ब आला, सेटिंगमध्ये उजेड मऊ केलेला, पण त्याच्या मागं छतावरचा लाल दिवा धडाधड उघडझाप करायला लागला. मी ओरडले, “वर. लाल. लई वेळा. येऊ नको!” पुढच्या क्षणी मी मेले, माझ्यामागं आलेला शेतकरीही मेला, आणि ती बाहेर एकटी, दाराकडं पाठ करून उभी राहिली. त्या तिघांनी वर येऊन तिलाही गाठलं. डाव संपला.

“हरलो,” शेतकरी म्हणाला. “ताई, तुम्ही आत जाताना दार तरी लावून घ्यायचं की.”

ती हसत होती. मागून वडिलांनी विचारलं, “क्या हुआ? ठीक है ना?” ती म्हणाली, “हौ अब्बा, बाहेरच होते. हरलो.” मग आम्हाला त्यांचा आवाज जवळून ऐकू आला, तिनं फोन त्यांच्यापुढे धरला असावा. “मॅडम, कितने बार था वो लाल?”

“मोजायला मिळालं नाही,” मी म्हटलं. “पुढच्या आठवड्यात मोजून सांगते.”

“मोजा,” ते म्हणाले. “तोवर बाहेरूनच खेळेल ती.” आणि लेकीला म्हणाले, “एक और खेल ले, अभी उजाला है.”