एलिफलेट टटलचा एकमेव खटला

टटल घराण्यात एक वकील होऊन गेला, एवढं ऑर्फाला लहानपणापासून ठाऊक होतं. एलिफलेट त्याचं नाव. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती तेव्हाचा. एका नामांकित वकिलाच्या घरी राहून, त्याचे कागद उतरवत तो तीन वर्षं कायदा शिकला आणि वर्षभरात सगळं सोडून डोंगरात मेंढ्या पाळायला गेला. का, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ऑर्फा कनेटिकटमधल्या त्याच डोंगराच्या पायथ्याशी पोस्टात नोकरीला होती. थोरला भाऊ मेरिट सुतार. वयामुळे रोजचं काम थांबवल्यावर त्याला या पूर्वजाने झपाटलं. दर गुरुवारी जिल्ह्याच्या गावी जुनी दफ्तरं धुंडाळायला निघताना तो तिच्या दारात गाडी थांबवायचा.

"चल गं. वाटेत गरम डोनट खाऊ घालतो."

"मेलेल्यांना भेटायला मला सवड नाही. जिवंतच पुरे झालेत!"

"वकिलाच्या घरची शोभतेस. तोंड बघ कसं चालतंय!"

एका गुरुवारी तो हसला नाही. "सापडला गं तो. ये एकदा, दाखवतो."

"मग सांग की."

"सांगण्यासारखं नाही ते. तू वाच."

"थंडी सरू दे," ती म्हणाली. फेब्रुवारीत मेरिट घरामागच्या सुतारकामाच्या खोलीतच छातीत कळ येऊन गेला.

एप्रिलमध्ये ती एकटीच गेली. टटल हे नाव ऐकताच दफ्तरखान्यातल्या बाईंनी न मागता एक फाइल पुढे ठेवली.

कँडेस नावाच्या गुलाम बाईचा दावा होता. मालकाने मरताना तिला मोकळं करण्याचा शब्द दिला होता. मालकाच्या मुलाने तो नाकारला. मुलाचा वकील चोवीस वर्षांचा एलिफलेट. तो जिंकला. खाली त्याने गुरूला लिहिलेलं पत्र होतं: 'निकाल ऐकून ती रडली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. ही विद्या मला नको.'

ऑर्फाने चष्मा काढला. "माझा भाऊ काही म्हणायचा का?"

"फारसं नाही. पण दर वेळी दोन खुर्च्या मांडायला लावायचे. म्हणायचे, आज बहीण येईल."

तिने चष्मा पुन्हा लावला. मग तिने विचारलं, "या कँडेसचं पुढे काय झालं?"

"तेच शोधत होते ते. नाही मिळालं."

आता दर गुरुवारी ऑर्फा जाते. कँडेसचं नाव तिला अजून दुसऱ्या कुठल्याच कागदावर सापडलेलं नाही.