जेवून निवडलेलं कॉलेज

"चाखा आणि खरं सांगा, काकी," असं म्हणत शेजारची पोर माझ्या तळहातावर कालवणाचा थेंब टाकायची. नुसतं 'छान' म्हटलं की तिचं समाधान व्हायचं नाही. काय कमी पडलं ते सांगेपर्यंत दारातून हलायची नाही. दिघीला आमची घरं भिंतीला भिंत लावून, त्यामुळे तिच्या प्रत्येक प्रयोगाचा पहिला बळी मीच.

बारावी झाली आणि तिनं जाहीर केलं, शेफ व्हायचंय. तिचे अब्बा आखातात एका कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी. त्यांनी तिकडूनच पनवेलचं एक कॉलेज पसंत केलं होतं. काचेची इमारत, लिफ्ट, सगळा थाट. लेकीनं आपल्यासारखं धुरात उभं राहू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. ही म्हणाली, आधी तिथं जेवून बघते.

कॉलेज जेवून निवडतात, हे मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. तुम्ही ऐकलंय कधी? पण निघालो खऱ्या. फेरीबोटीनं आगरदांडा, पुढे एसटी. काचेच्या कॉलेजातल्या शेगड्या बघून मी हरखूनच गेले. ही मात्र एकच विचारत सुटली, मुलं दुपारी खातात काय? तेवढ्यात बाहेरच्या हॉटेलातून डब्यांचा टेम्पोच आला. माझा हात धरून ती बाहेर पडली.

"काकी, यांना स्वतःचंच केलेलं नको आहे."

जवळच दुसरं कॉलेज होतं, जुनाट, भिंतींना ओल आलेलं. पण मुलांनी रांधलेलं मुलंच वाढत होती आणि त्यांचे सर ताट घेऊन त्याच रांगेत उभे होते. आम्हालाही बसवलं. आमटी चांगलीच खारट होती. या बाईसाहेबांनी ती पुन्हा मागून घेतली, वर मला कोपरानं ढोसलं. इतकी खूश मी तिला ईदलाही पाहिली नव्हती.

रात्री व्हिडिओ कॉलवर त्या जुनाट इमारतीचा फोटो पाहून अब्बांचा चेहरा पडला. मला वाटलं, बारगळलं सगळं.

"अब्बा, तिथं सर पोरांनी केलेलं जेवतात."

"खारट असलं तरी?"

"खारटच होतं."

ते कॅमेऱ्याजवळ सरकले. मग म्हणाले, "मला स्वयंपाक शिकवणारे उस्ताद पण असेच जेवायचे. तिथंच जा, बेटा."

ती गेली. हल्ली शेजारून फोडणीचा वास येतो तो तिच्या अम्मीच्या स्वयंपाकाचा. चांगला असतो, पण त्यात धाडस नाही. मला करमत नाही, हे सरळच सांगते.

परवा तिचा फोन आला. पहिल्यांदाच सगळ्यांचा भात तिच्याकडे होता आणि त्याचा पार लगदा झाला. मी समजूत घालायला लागले, तर ही हसतेय. सरांनी तो लगदा शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, हात धुतले आणि म्हणाले, "उद्याही भात तूच लाव."