बरोबरीत सुटलेली मॅच

लेकीने अमेरिकेत आम्हाला न विचारता लग्न केलं, तेव्हापासून आमचे हे तिच्याशी बोलत नव्हते. एरवी बहारीनला, उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर तिचाच विषय. "तिला सांग, थंडीत कानाला बांध." "तिला सांग, टायर तपासून घे." मी आपली मधली पोस्टमन. गाडी चालवायला तिला इथे ह्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे गाडीच्या सूचना जरा जास्तच.

मागच्या वर्षी बेसबॉलचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. ती आणि जावई मॅचला जातात, असं मी बोलून गेले आणि ह्यांनी लॅपटॉप टीव्हीला जोडून तिच्या शहराच्या टीमच्या मॅचेस बघायला सुरुवात केली. खेळातलं कळत काही नव्हतं. पिचरला बॉलर म्हणायचे, आणि "निम्मा वेळ नुसते थुंकतात!" म्हणून वैतागायचे. पण कॅमेरा प्रेक्षकांवर गेला की पुढे सरकून बसायचे. कुणाला शोधतायत ते मला कळत होतं.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी मी पोहे करत होते, तर हे बाहेरून ओरडले, "तिला सांग, आज त्यांची टीम जिंकली तर मी स्वतः फोन करीन!" वाकायचं, पण निमित्त काढून, हा ह्यांचा स्वभाव. मी हातसुद्धा न पुसता मेसेज केला. ती स्टेडियममध्येच होती. तिने नुसतं एक हार्ट पाठवलं.

मग मॅच अशी रंगली की विचारू नका. भारताची मॅच अटीतटीला आली की कुणी जागचं हलायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. तो बेसबॉललाही लागू झाला. पोहे स्वयंपाकघरात गार झाले, मी सोफ्याच्या टोकाला अडकले. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात चार-चार अशी बरोबरी होती. तिच्या टीमच्या शेवटच्या गड्याने चेंडू उंच मारला आणि तो झेलला गेला. खेळाडू आत निघाले, जाहिरात लागली.

"टाय. खलास," म्हणत ह्यांनी टीव्ही बंद केला. तोंड एवढंसं झालं होतं.

"म्हणून काय झालं? करा की फोन," मी म्हटलं.

"शब्द म्हणजे शब्द. पुढच्या मॅचला जिंकतील, इंशाल्ला."

दोनच दिवसांनी ऑफिसमध्ये, खुर्चीत बसल्याबसल्या हे गेले.

लेक आली. सगळं उरकलं, माणसं पांगली, तेव्हा मी तिला म्हटलं, "बाबांना फार बोलायचं होतं गं तुझ्याशी. ती मॅच बरोबरीत सुटली नसती, तर केला असता त्यांनी फोन."

ती म्हणाली, "आई, बेसबॉलमध्ये टाय नसते. एक्स्ट्रा इनिंग्ज खेळतात. वी वन, आई. दहाव्या इनिंगमध्ये."

फोन आला नाही, म्हणून बाबांनी शब्द फिरवला असं ती समजली. तिचा मेसेज आला नाही, म्हणून ती रुसली असं मी समजले. एकमेकींना विचारायचं राहूनच गेलं.

ती म्हणाली, "मॅच संपल्यावर मी पार्किंगमध्येच थांबले होते. सगळ्या गाड्या निघून गेल्या, तरी. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, असं बाबांनी शिकवलं होतं ना."