दादाचा दोन दिवसांचा प्रवास

पडदे शिवून पोट भरणाऱ्या एका बाईला सगळे पडदेवालीच म्हणत. नवरा लवकर गेला. दुकानामागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची म्हातारी आई राहत. थोरला भाऊ परदेशात स्थिरावला होता.

आईने अंथरूण धरलं तेव्हा पडदेवालीने दादाला फोन केला.

"अगं, दोन दिवसांचा प्रवास," तो म्हणाला. "तीन विमानं बदलावी लागतात. निघतोच, पण सुट्टी मिळायला हवी."

तो काही आला नाही. नातेवाईक कुजबुजू लागले, तर पडदेवालीने त्यांनाच झापलं. "विमान म्हणजे काय बस आहे, हात केला की थांबायला?" आई दाराकडे डोळे लावून पडलेली असायची. "दादा वाटेत आहे," असं सांगून ती आईला चार घास भरवायची. असंच करता करता आई गेली.

पुढे दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. भाचीने हौसेने आत्याचं तिकीट स्वतःच काढून पाठवलं. पडदेवालीने दोन दिवसांच्या बेताने औषधं, शाल, कपड्यांचा जादा जोड घेतला आणि निघाली. विमानात शेजारी तिकडेच नोकरी करणारी एक नर्स होती. पडदेवाली जेवली, तिचा डोळा लागला. जाग आली तर शेजारची नर्स पायात बूट चढवत होती.

"पहिलं विमान इथेच सोडायचं का?"

नर्सने तिचं तिकीट पाहिलं. "मावशी, हे थेट विमान आहे. नऊ तासांचं. पोचलो आपण."

"नवीन सुरू झालं असेल."

"छे, मी तिकडे नोकरीला लागले तेव्हापासून आहे. शुक्रवारी निघते, आईला भेटते, सोमवारी पुन्हा कामावर."

पडदेवालीने शालीची घडी घालायला घेतली, ती काही केल्या नीट बसेना.

बाहेर दादा फुलं घेऊन उभा होता. भाची गाडी आणायला गेली.

"दमलीस ना? फार लांबचा पल्ला."

"नऊ तास," ती म्हणाली.

दादाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "आईला तशी बघायची हिंमत नव्हती गं माझ्यात."

"माझ्यात होती, असं वाटतं तुला? तेवढंच खरं सांगायचं होतंस. मी आईची समजूत घातली असती. तुझं खोटं तू माझ्या तोंडून तिला सांगितलंस, दादा."

भाचीच्या लग्नात तिने कसलीच कसर ठेवली नाही. फोटोत हसलीसुद्धा. निघताना दादा म्हणाला, "पुढच्या वर्षी मी नक्की येतो."

"या," ती म्हणाली.

जन्मभर त्याला अरे-तुरे करणारी बहीण आज 'या' म्हणाली होती.

तो खरंच आला. तिने गरम जेवण वाढलं, दुकानातच त्याचं अंथरूण घातलं.

"आईच्या खोलीत झोपू का?" त्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तिथे मी कापड ठेवते आता."