आबा, बिजली आणि हाँगकाँगचे पाहुणे

माझे सासरे आयुष्यात एकदाच पडले, आणि ते माझ्या मोपेडवरून.

हे वाक्य दिसतं तितकं साधं नाही. आबा म्हणजे शहाद्याकडचे घोड्यांचे जुने व्यापारी. सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांनी चाळीस वर्षं घोडी घेतली, घोडी विकली. लाथाडणारी घोडी, चावणारी घोडी, नदी दिसली की मध्येच बसकण मारणारी घोडी, सगळ्यांवर आबा बसले आणि सगळ्यांवरून आपल्या मर्जीनं उतरले. त्यांना पाडायची एकाही जनावराची छाती झाली नाही. ते काम जावयानं केलं. दिवाळीनंतर चार दिवस लेकीकडे म्हणून सुरतेला आलेल्या आबांना मी मोठ्या हौसेनं मागे बसवलं आणि आमच्या डिंडोलीच्या वळणावर एका म्हशीला वाट देताना, सायकलसुद्धा लाजेल अशा वेगात, अलगद रस्त्यावर ठेवलं! (म्हशीला काही झालं नाही. मलाही नाही. हे दुसरं आबांना जास्त लागलं.)

उजव्या पायाला प्लास्टर. सहा आठवडे. आणि यात्रा पाच आठवड्यांवर!

चाळीस वर्षांत पहिल्यांदा आबांची यात्रा चुकणार होती. आबा रागावले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी सुटलो असतो. पण आबांनी अबोला धरला, आणि तो फक्त माझ्याशी. गल्लीतल्या कुत्र्याशीसुद्धा ते बोलत. माझ्यासाठीचे निरोप माझ्या बायकोमार्फत, मंगलामार्फत येत.

"मंगले, तुना नवराले सांग, पंखा बंद कर."

मी पंख्याच्या बटणाला हात लावूनच उभा असायचो. तरी मंगला मला सांगायची, मी बटण दाबायचो, आणि आबा मंगलाला म्हणायचे, "व्हयना एकदाचा."

रात्री मंगला मला धारेवर धरायची. "आबा तुम्हनासंगे बोलनात नहीत, ते मी माहेरले कोनतं तोंड लई जासू? काही बी करा, पन त्यासले बोलतं करा."

मी लूमवरचा, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावरचा मास्तर. बारा लूम एकदम चालू असले तरी कुठल्या लूमचा आवाज बदलला ते मला पाठमोऱ्याला कळतं. तुटलेला धागा डोळे मिटून जोडतो. पण तुटलेला सासरा कसा जोडायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मग एका सकाळी चहाच्या टपरीवर गुजराती पेपरात फोटो दिसला. विमानातून उतरणारा घोडा! हाँगकाँगला थंडीतल्या मोठ्या शर्यती आहेत, त्यासाठी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जपान अशा देशोदेशींहून घोडे येताहेत, असं खाली लिहिलं होतं. आणि आमच्या गल्लीत केबल चालवणारे ठाकोरभाई म्हणाले, "रविवारे बपोरे टीव्ही पर आवशे. डायरेक्ट!"

मी पेपर घेऊन घरी धावलो आणि आबांना ऐकू जाईल अशा बेतानं मंगलाला मोठ्यानं वाचून दाखवला. घोड्यांबरोबर त्यांचे मोतद्दार येतात, त्यांचा चारा येतो, काहींचं तर प्यायचं पाणीसुद्धा घरून येतं! आबांनी भिंतीकडे केलेलं तोंड हळूहळू इकडे वळलं.

"मंगले, तेले इचार," आबा म्हणाले, "घोडं इमानमा उभं राहस का बठस?"

"उभं राहतं," मी म्हणालो.

"तेले सांग, मी तुले इचारेल शे."

मंगलानं मला विचारलं. मी मंगलाला सांगितलं. मंगलानं आबांना सांगितलं. आबा विचारात पडले. मग म्हणाले, "मळमळ व्हत नही का तेले?" हे पेपरात नव्हतं. पण अबोल्याच्या भिंतीला बारीकशी भेग पडली, एवढं मला दिसलं आणि मी आनंदानं दोन कप चहा जास्त प्यालो.

पुढचे दहा दिवस आमच्या खोलीचा तबेला झाला. आबांना पेपरातला प्रत्येक फोटो कापून हवा. भिंग घेऊन ते भोवरे शोधायचे. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात, कुठला शुभ, कुठला अशुभ, हे आबांना पाठ. गळ्याखालचा भोवरा म्हणजे देवमण, तो असला की घोडा सोन्याचा! पेपरच्या छपाईत घोड्याला डोळे आहेत की नाहीत तेच कळत नव्हतं, पण आबांनी जपानच्या घोड्याला देवमण काढून दिला. परदेशी नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी नवी नावं ठेवली. इंग्लंडचा 'साहेब', ऑस्ट्रेलियाचा 'तांबड्या', जपानचा 'देवमण'. संध्याकाळी पाळी सुटली की गल्लीतले सगळे लूमवाले आमच्या दारात. गल्लीत तट पडले. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना पोंक खाऊ घालायचा असं ठरलं. (पोंक म्हणजे आपला हुरडाच, सुरतेत त्याला शेव लावून मान देतात.)

आबा सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "धंदामा मी कधी खोड लपाडी नही. घोडं लाथ मारस ते पहिले सांगी देवो, मांगे उभा राहू नका. मंग इकानं." हे सांगताना ते माझ्याकडे का बघायचे, ते तेव्हा मला कळलं नाही.

शनिवारी आबांना नवीनच चिंता लागली.

"मंगले, पावना इतला दूरथीन येतंस. आपला आठे त्यासना मानना कोन शे?"

आमच्याकडे लग्नात व्याह्याला व्याही भेटतो, मामाला मामा भेटतो. ज्याच्या त्याच्या मानाचा माणूस समोर उभा नसला तर पुढे तीन पिढ्या टोमणे. आबांचं म्हणणं, सात समुद्र ओलांडून घोडी येणार आणि सामोरं एकही घोडं नाही? त्यांना टोपीवाली माणसंच भेटणार?

"आबा, पण ते हाँगकाँगला येणार. आपण डिंडोलीला," मी म्हणालो.

आबांनी मंगलाकडे पाहिलं. "तुना नवराले रीतभात शे का नही?"

झालं! मी सायकल काढली. (मोपेडकडे आबा नुसते बघत, म्हणून ती मी गोडादऱ्याला मित्राकडे ठेवली होती.) लग्नसराई ऐन भरात. वरातीच्या घोड्या ठेवणाऱ्या छगनभाईंचा तबेला रिकामा. कोपऱ्यात एकच पांढरी घोडी, बिजली.

"आ केम बाकी छे?" मी विचारलं.

"बहु डाही घोडी छे," छगनभाई म्हणाले. "बस, एनी सामे वाजां वगाडता नहीं. पछी कोईनुं सांभळे नहीं."

वरातीची घोडी आणि वाजंत्री चालत नाही! एखादा शहाणा माणूस इथेच थांबला असता. मी विचार केला, आपल्याकडे कुठे वाजंत्री आहे? शर्यत तर आहे. आणि बिजलीला घेऊन आलो.

रविवारी दुपारी गल्ली यात्रेसारखी फुलली. टीव्ही खिडकीत आणून तोंड गल्लीकडे केलं. आबांची खाट समोर, प्लास्टरचा पाय उशीवर, डोक्याला यात्रेचा फेटा. मंगलानं भिजवलेले हरभरे आणि गुळाचं ताट घेतलेलं. बिजलीला हळदकुंकू लावलं, टीव्हीला लावलं, गडबडीत ठाकोरभाईंनाही लागलं. आबांनी खाटेवरूनच बिजलीला आपादमस्तक न्याहाळलं. तिला बांधायला जागा शोधत मी एक बांबू पाहिला आणि लगाम त्याला बांधून टाकला. बांबू चांगला मजबूत होता. ठाकोरभाईंची केबल त्याच बांबूवरून आमच्या खिडकीत येत होती, इकडे काही माझं लक्ष गेलं नाही.

पडद्यावर हिरवंगार मैदान आलं. एकेक घोडा मिरवत निघाला. आबा खाटेवर पुढे सरकले. "दख, दख, साहेब उना! तांबड्या दख कसा चालस! मंगले, देवमण कथा शे?" पाच आठवड्यांत आबांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. आता शर्यत संपली की आबा माझ्याकडे वळणार, 'जवाईबापू' म्हणणार, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

आणि हाँगकाँगच्या मैदानात बँड वाजायला लागला.

बिजलीचे कान उभे राहिले. आधी एक पाय उचलला. मग दुसरा. मग तिनं मान अशी काही झोकात वाकवली की गल्लीतल्या बायका "अगं बाई!" म्हणून मागे सरल्या. तिकडे बँडनं जोर धरला, इकडे बिजली दोन पायांवर!

"आवाज बंद करा!" मी ओरडलो.

"कोनता?" खिडकीतल्या माणसानं विचारलं, आणि घाईत वाढवला.

बांबू उपटला. केबल ताणली गेली आणि कट्! पडद्यावर मुंग्या. तिकडे घोडे धावायला उभे राहिलेले, इकडे बिजली बांबू ओढत गल्लीभर नाचतेय, हरभऱ्याचं ताट उडालेलं, आणि वाजंत्री थांबली तरी तिचं नाचणं काही थांबेना.

मग मी ते केलं, जे डिंडोलीचा कुठलाही लूमवाला करेल. धागा तुटला की आमचा मेंदू विचारत नाही, हातच पळतात. मी झेप घेतली, केबलची दोन्ही टोकं पकडली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारली. विणकराची गाठ! ओढून पाहिली. पक्की! विजयी मुद्रेनं मी टीव्हीकडे पाहिलं.

मुंग्या.

"गाठ ढिली असेल," एक लूमवाला म्हणाला. त्यानं ओढून पाहिली. "नाही हो, फर्स्ट क्लास आहे." दुसऱ्यानं पाहिली. तिसऱ्यानं गाठीची शेपटं कातरून ती आणखी सुबक केली. एकेकाला वीस-वीस वर्षांचा अनुभव असलेली माणसं गाठीभोवती माना डोलावत उभी आणि चित्र का येत नाही ते कोणालाच समजेना!

ठाकोरभाई कपाळाला हात लावून धावत आले. "अरे भाई, आ सूतर नथी! केबल छे! आमां गांठ मारे तो चित्र क्यांथी आवे?"

तेवढ्यात पाठीमागून खाट करकरली. आबा उठले होते. एका हातात काठी, एका पायावर प्लास्टर, लंगडत सरळ बिजलीकडे निघाले. मंगला किंचाळली, "आबा!" मी मध्ये धावलो, दोन्ही हात पसरून बिजलीसमोर उभा राहिलो. (बिजलीला वाटलं, मी पण नाचतोय.)

आणि आबा गरजले, "जवाईबापू! बाजूले सरा! तुम्हले लूम समजस, घोडी नही!"

मी जागच्या जागी थिजलो. ते मला म्हणाले! मंगलाला नाही, मला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मंगला तर पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, देव जाणे.

आबांनी बिजलीचा लगाम धरला. तिच्या कानाशी काही पुटपुटले, मानेवरून हात फिरवला. बिजली दोन वेळा फुरफुरली आणि शेळीसारखी उभी राहिली. आबांनी तिची हनुवटी वर केली, गळ्याखाली बोट फिरवलं आणि त्यांचा आवाज एकदम बदलला.

"जवाईबापू, आठे या. हात लावा. काय लागनं?"

"भोवरा आहे, आबा."

"देवमण शे! इतला दिनपासून मी पेपरमा धुंडी ऱ्हायनू, नि तो आठे बांबूले बांधेल व्हता! घोडी निवडाले तुम्हना हात चांगला शे."

तबेल्यात ती एकटीच उरली होती, हे मी सांगितलं नाही. मंगलानं सांगायला तोंड उघडलं, तिच्या तोंडात मी गुळाचा खडा घातला.

ठाकोरभाईंनी केबल नीट जोडली तेव्हा पडद्यावर कुठलातरी घोडा झूल पांघरून चालला होता, आणि कोण जिंकलं ते आम्हाला कळलं नाही. तिन्ही तटांनी आपापला विजय जाहीर केला आणि शेवटी सगळ्यांनी सगळ्यांना पोंक खाऊ घातला. बिजलीला दुप्पट हरभरे मिळाले.

पुढच्या वर्षी आबा मला सारंगखेड्याला घेऊन गेले. मी नवा सदरा घातला, ताठ चाललो. एक म्हातारा व्यापारी भेटला. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आबांना विचारलं, "हाऊ कोन?"

आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मना जवाई. सभाव गरीब शे. खावा-पेवाना तरास नही. कामले वाघ शे." मी फुशारलो. पण आबा पडले जुने, सच्चे व्यापारी. त्यांनी आवाज खाली आणला.

"खोड एकच. मांगे बसू नका."