फळीवर चिकटवलेली बंदूक

माझा नवरा इसरू भित्रा होता. हे मी त्याच्या पाठीमागं सांगून राहिले असं समजू नका, तोंडावरही सांगत होते. अन् नवऱ्याचं नाव घेते म्हणून कोणी नाक मुरडू नका. माझ्या सासूनंच लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं, "नाव घेत जाय, नाव घेतल्यानं कोणी मरत नाई." कुत्रं भुंकलं की हा आधी मला उठवायचा. विहिरीत वाकून बघायचा नाही. साप निघाला की काठी माझ्या हातात द्यायचा अन् स्वतः माचीवर चढायचा.

धानोऱ्याच्या पुढं जंगलात आमचा टोला, थोड्या घरांची वस्ती. शेती नावाला. इसरूचं पोट चालायचं ते नाटकांवर. दिवाळी झाली की आमच्या झाडीत शंकरपट लागतात, दिवसा बैल धावतात अन् रात्री नाटक होते. वडशाच्या बापूरावाची नाटक कंपनी होती. त्या कंपनीचे मुकुट, तलवारी, सिंहासनाची पाठ, पाठीवरचे मोर, सगळं लाकडातून कापून द्यायचा तो इसरू.

त्याचं काम असं. आधी खाकी कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढायचं. मग मैद्याची खळ शिजवायची, तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे झुरळं लागत नाहीत. खळ लावायची ती फळीला, कागदाला नाही. कागदाला लावली की तो भिजून वाढतो अन् मोराची मान उंटाची होते. मग कागद फळीवर टेकवायचा, मधून कडेकडे तळहातानं दाबत जायचं, एक बुडबुडा राहू द्यायचा नाही, अन् वरून पाटा ठेवून सावलीत वाळू द्यायचा. पाटा कोणता, तर माझा. मी मिरची वाटायला शेजारी जायची अन् हा म्हणायचा, "उद्या देतो ना बाप्पा." वाळला की बारीक पात्याच्या करवतीनं रेघेवरून कापायचं. ती करवत त्यानं एका मोडक्या शिलाई मशीनच्या पायट्यावर बसवली होती. कापून झालं की ओल्या फडक्यानं कागद पुसून काढायचा.

पण मनानं चित्र काढायची त्याची हिंमत नव्हती. चुकलं तर, म्हणायचा. म्हणून खरी वस्तू कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवायचा. विळा असो, खडाव असो, वस्तू समोर पाहिजे. मुकुटाचं माप तर माझ्या सासूच्या डोक्यावरून घेतलं होतं. ती बिचारी अर्धी दुपार हलली नाही.

त्या वर्षी बापूरावानं सैनिकांचं नाटक बसवलं अन् बंदुका सांगितल्या. आता बंदूक कुठून आणावी. इसरूनं तशीच एक कापून पाहिली, तर ती बंदूक कमी अन् भाकर परतायचं उलथणं जास्त दिसत होती. तेव्हा लटारू हसला. लटारू म्हणजे आमच्या टोल्याच्या पुढं जी पोलीस चौकी होती तिथला शिपाई. ब्रह्मपुरीकडचा पोरगा, नाटकाचं भारी वेड. ड्यूटी सुटली की आमच्या सपरीत, दारापुढच्या पडवीत, येऊन चहा प्यायचा, मला वहिनी म्हणायचा.

"लोक हसतीन न इसरूभाऊ," तो म्हणाला. "घे, हे काढ."

अन् त्यानं आपली सरकारी बंदूक, गोळ्या काढून, आमच्या घरात खाकी कागदावर आडवी ठेवली. इसरूला घाम फुटला. पेन्सिल फिरवताना बंदुकीला बोटसुद्धा लागू देत नव्हता. त्या बंदुकीच्या दस्त्याचा एक कोना तुटलेला होता. हा पठ्ठा तोही कोना जसाच्या तसा काढून बसला.

"तुटकं बी तुटकंच काढता काऊन?" मी म्हटलं.

"आहे तसं काढलं. कापतानी भरून घेतो," तो म्हणाला.

मला ते काही बरं वाटलं नाही. त्या दिवसांत आमच्याकडे बंदूक हा शब्दसुद्धा लोक हळू बोलायचे. जंगलातून दलमवाले, म्हणजे नक्षलवादी, यायचे, खांद्यावर बंदुका, भात मागायचे. नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. सकाळी पोलीस यायचे अन् विचारायचे, भात काऊन दिला. पोलिसांशी बोललं की दलम विचारायचं, काय सांगितलं. माणसं दोन्हीकडून चेपली जात होती. मी इसरूला म्हटलं, लाकडाची असली तरी बंदूक घरात नको. तर हा म्हणे, "पोलिसानंच त दिली, शकू. आता कायचं भेव?" आयुष्यात एकदाच भ्यायचं सोडलं, अन् तेही नको तिथं.

कोणी चुगली केली मला माहीत नाही. पहाटेच पोलीस आले. कोणीतरी सांगितलं होतं की इसरू दलमसाठी बंदुका बनवून राहिला. कापून, घासून, काळा रंग देऊन ठेवलेल्या सगळ्या बंदुका त्यांनी उचलल्या, करवत उचलली, अन् इसरूला उचललं. माझी सासू धुरपता दारात आडवी झाली, तिला बाजूला लोटलं. पोलिसांत लटारूही होता. त्यानं मान वर केली नाही.

एक फळी तेवढी राहिली. धान्याच्या ढोलीच्या मागं, माझ्या पाट्याखाली. बाकीचे कागद ज्याच्यावरून उतरवले तो पहिला कागद तिच्यावर वाळला होता, पण ती कापायची होती अजून. पाट्याखाली कोणी बघितलं नाही.

मी चौकीवर गेले. आत जाऊ देईनात. कुडाच्या बाहेर उभी राहून ऐकत होते. नवा फौजदार आला होता, आवाज चढवत नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"नळी, घोडा, कडी, सगळं जागच्या जागी आहे," तो म्हणत होता. "माप बरोबर खऱ्या बंदुकीचं. खरी बंदूक तुला कोणी दाखवली?"

"मनानं काढली, साहेब," इसरू म्हणाला.

मनानं. ज्यानं कधी साधं पान मनानं काढलं नाही, तो. मग मारल्याचा आवाज आला. मी पदर तोंडात कोंबला.

चार दिवसांनी बापूराव वडशाहून आला, नाटकाची जाहिरात दाखवली, हात जोडले. फौजदार म्हणाला, नाटक खरं असेल, पण बंदूक कोणाची पाहिली ते हा सांगत नाही. ते सांगितल्याशिवाय सोडणार नाही, अन् उद्या गडचिरोलीला पाठवणार. गडचिरोलीला नेलेली माणसं वर्षवर्ष परत येत नव्हती. बापूराव खाली मान घालून गेला.

बऱ्याच वर्षांनी हे उघडं झालं तेव्हा लोक म्हणायचे, इसरूचं मन मोठं, मित्राचं नाव घेतलं नाही. डोंबलाचं मोठं मन. भेव होतं ते. पोलिसाचं नाव पोलिसाला सांगायचं, अन् तो पोलीस बाजूलाच उभा. तो नाही म्हणाला तर? अन् हो म्हणाला तरी उद्या याच चौकीसमोरून बाजाराला जायचं होतं ना.

त्या दिवशी दिवेलागणीला लटारू घरी आला. खांद्याला बंदूक होती. सपरीत नाही बसला, सरळ आत आला.

"वहिनी, तो कागद कुठी आहे?"

"कोणता कागद?"

"कोना तुटका काढला होता तो. बंदुकाईत कोना भरला आहे, त्याच्यावरून काई समजत नाई. पण कागद सापडला त माही बंदूक त्याच्यावर बरोबर बसते. नोकरी त जाईनच, वरून मलेच दलमचा म्हणतीन."

"अन् कागद नाई सापडला त माह्या नवऱ्याले गडचिरोलीले नेतीन," मी म्हटलं. "तुम्हीच काऊन नाई सांगत साहेबाले?"

"भेव लागते, वहिनी."

एवढं बोलला अन् त्याची नजर ढोलीमागं गेली. कितीदा बघितलं होतं त्यानं इसरूला तिथं फळ्या दाबून ठेवताना. त्यानं कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलली. मला कळलं. मैद्याच्या खळीला पाणी लागलं की कागद सुटतो, हे आमच्या घरात बसून बसून तोही शिकला होता.

मी जाऊन पाट्यावर बसले.

पाट्यावर बाईमाणूस बसत नाही आमच्यात. धुरपता पाहतच राहिली. मीही काय करून बसले मला समजलं नाही. लटारू माझ्यासमोर उभा, एका हातात बादली, खांद्याला बंदूक. मी म्हटलं, हा मला ओढणार. नाहीतर दुसरं काही करणार, अन् सकाळी सांगणार की दलमवाल्यांनी केलं. तसं कोणी विचारलंही नसतं. त्याच्या हातातल्या बादलीतलं पाणी हिंदकळून त्याच्याच बुटावर सांडत होतं.

धुरपता कोपऱ्यातून म्हणाली, "लटारू, चहा मांडू का रे बाबू?"

त्यानं बादली खाली ठेवली. निघून गेला. मी तशीच बसून राहिले.

सकाळी फळी लुगड्यात गुंडाळून मी निघाले. चौकीपर्यंतचा रस्ता मोहाच्या झाडांतून जातो. दर झाडामागं लटारू उभा आहे असं वाटत होतं. वाटेत मनात आलं, ही फळी दाखवून उलटंच झालं तर? फौजदार म्हणाला की तुम्हीच पोलिसाची बंदूक चोरली होती, तर? पण दुसरं काय होतं माझ्याजवळ.

इसरू भिंतीला टेकून बसला होता. तळपाय सुजून काळेनिळे. माझ्या काखेतली गुंडाळी पाहिली अन् त्यानं ओळखलं.

"शकू, घरी जाय," तो म्हणाला. इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेलं तेवढंच.

मी फळी टेबलावर ठेवली. "साहेब, ह्या कागदावर बंदूक ठेवून काढली. कोणाची ते मी नाई सांगत. तुमच्या इथच्या ठेवून पाहा."

फौजदारानं कागदावरून बोट फिरवलं. तुटक्या कोन्यावर येऊन थांबला. मग एकेका शिपायाला बोलावून बंदुका ठेवून बघू लागला. पहिली बसली नाही. दुसरी बसली नाही. मग लटारूला म्हणाला, आण. लटारू पुढं आला, त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. बंदूक ठेवली. कोन्याला कोना बरोबर लागला.

मला वाटलं, आता लटारू गेला. मला आनंद झाला असं नाही, भीतीच वाटली, पण इसरू सुटला असं वाटलं.

फौजदारानं इतरांना बाहेर काढलं. आत राहिलो आम्ही दोघं, तो अन् लटारू. साहेबानं तांब्या घेतला अन् कागदावर पाणी ओतलं. थोडं थांबला, मग स्वतःच्या नखांनी कागद सोलून काढायला लागला. पट्टीपट्टीनं. सगळा निघाला, फळी पांढरी झाली, तेव्हा कागदाचा लगदा हातात दाबून त्यानं खिडकीबाहेर टाकला.

"माझ्या चौकीतली बंदूक बाहेर गेली नव्हती," तो म्हणाला. "कोणाला इथं आणलं नव्हतं. बाई, तुम्ही आल्या नव्हत्या. ह्याला घेऊन जा."

लटारूनं दार उघडून दिलं. माझ्याकडे बघितलं नाही. त्याला काही झालं नाही, पुढं दोन वर्षं तो तिथंच होता, अन् आम्हाला रोज दिसायचा.

मी इसरूला धरून धरून आणत होते. मोहाखाली बसवलं, पाणी पाजलं. मी म्हटलं, सुटलो बाप्पा एकदाचे. तो रडून राहिला होता.

"सुटलो कुठी," तो म्हणाला. "दलमवाले इचारतीन न आता. पोलिसायनं सोडला म्हणजे काईतरी सांगतलं असन यानं. आतापर्यंत इचारायले कोणी आलं त नाई?"

नव्हतं आलं. पण येणार हे मलाही माहीत होतं. टोल्यातल्या एका माणसाला अशाच सुटकेनंतर जंगलात बोलावून नेलं होतं, तो परत आला नाही.

"मी इतके दिवस कुठी होतो म्हणून सांगू, शकू?"

मी विचार केला. म्हटलं, "मार्कंड्याले होते म्हणून सांगा. जत्रेची दुकानं लागून राह्यली, लाकडी मोर इकाले गेलो होतो म्हणा."

"अन् पाय?"

"लय चाललो म्हणा."

मग घरापर्यंत तो तेच घोकत आला. मार्कंड्याले होतो, मोर इकाले होतो. चुकला की मी सुधारायची.

अंगणात माझी सासू उभी होती. मागं शेजारच्या दोघी-तिघी कुडाआडून बघत होत्या, जवळ कोणी आलं नाही. धुरपताच्या डोळ्यांदेखत त्याला ओढून नेलं होतं, दारात तिलाच लोटलं होतं, तिच्या कोपराची जखम अजून ओली होती. इसरूनं तिच्या पायाजवळ बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माय, मी मार्कंड्याले होतो. मोर इकाले."

मला वाटलं, म्हातारी आता बोलून जाईल, पोलिसांना शिव्या घालेल, अन् कुडाआडून ते दलमपर्यंत जाईल.

धुरपतानं एकदा कुडाकडे बघितलं, एकदा त्याच्या पायांकडे. मग खाली बसून त्याचे पाय मांडीवर घेतले अन् मोठ्यानं म्हणाली, "होय रे बाबू. मीच त धाडलं होतं तुले."